वाळूतला हिरवा कुणाचा?

नित्साना हे ठिकाण इस्राएल-इजिप्त सीमेला लागून आहे. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर वर्षाकाठी जेमतेम 90 ते 100 मिलिमीटर पाऊस होतो, तोही हिवाळ्यातच. त्या डिसेंबरात पहिली चांगली सर पडली आणि लगेच मिळालेल्या उपग्रहचित्रात टेकड्यांचा एनडीव्हीआय चढलेला दिसला. पान लाल प्रकाश शोषतं आणि अवरक्त परत फेकतं. त्या फरकावरून हिरवेपण मोजणारा हा निर्देशांक.

इस्राएलच्या नेगेव वाळवंटात स्दे बोकेर इथे असलेल्या आमच्या वाळवंट-संशोधन संस्थेत तेव्हा धुळ्याची एक मुलगी एमएस्सी करत होती. चित्र बघून ती म्हणाली, "ताई, हे ढगामुळे चुकलं असणार. एवढ्यात गवत कुठून उगवेल?"

"गवत नाहीच ते. उद्या सोबत चल, तिथेच बघू."

दुसऱ्या दिवशी सूर्य डोक्यावर यायच्या सुमारास आम्ही टेकडीच्या पायथ्याशी होतो. दोघींनीही काळे कपडे घातले होते, कारण फिकट कपड्यावरून उडालेला प्रकाशही मोजणीत मिसळतो. कुठल्या रंगाचा प्रकाश किती परत येतो ते मोजणाऱ्या वर्णपटमापकाची पेटी पाठीवर घेतली आणि त्याची प्रकाशतंतूची केबल हातात धरली. आधी पांढऱ्या तबकडीवर वाचन घ्यायचं. पडणारा जवळजवळ सगळा प्रकाश ती परत पाठवते, म्हणून बाकी सगळं तिच्याशी ताडून बघायचं. सूर्य सरकत असतो, त्यामुळे दर थोड्या वेळाने पुन्हा तबकडी.

आम्ही पोचेपर्यंत वरचा भाग वाळला होता. तिला आजूबाजूला करडी जमीन आणि मधूनमधून वाळलेली झुडपं एवढंच दिसलं. मी आधीच मोडलेल्या कडेचा एक तुकडा अलगद उचलून तिच्या तळहातावर ठेवला. एक-दोन मिलिमीटर जाडीचा पापुद्रा, दुधावरच्या सायीसारखा. खालून बघितलं की वाळूचे कण बारीक धाग्यांना लोंबकळताना दिसतात. हे धागे सायनोबॅक्टेरियाचे, म्हणजे हरितद्रव्य असलेल्या सूक्ष्म जिवाणूंचे, मुख्यतः मायक्रोकोलिअस या प्रकारचे. त्यांच्या चिकट आवरणात वाळू बांधली जाते आणि वारा कितीही सुटला तरी टेकडी जागची हलत नाही. एवढ्याशा जिवांनी अख्खी टेकडी धरून ठेवावी, हे मला अजूनही थक्क करतं.

मग मोजपट्टी लावून दोन चौकोन आखले, एक पापुद्र्याचा आणि एक उघड्या वाळूचा. वाळलेल्या स्थितीत दोन्हींच्या आलेखांत फरक थोडाच होता. वाळूची रेघ निळ्याकडून लालकडे सरळ चढत गेलेली. पापुद्र्याची तशीच, पण थोडी खाली, आणि 680 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास पुसट खळगा. तिथे हरितद्रव्य लाल प्रकाश शोषतं.

तिने दोन्हींवर सारखंच ऊर्ध्वपातित पाणी फवारलं. वाळू भिजली की काळवंडते, तशी ती काळवंडली. सगळी रेघ खाली आली, पण खळगा पडला नाही. पापुद्र्याकडे मात्र ती बघतच राहिली. करडा रंग काही मिनिटांतच हिरवटला. पाणी लागताच धागे कामाला लागतात, वर सरकतात आणि प्रकाशसंश्लेषण सुरू करतात. पडद्यावरचा खळगा दर वाचनागणिक खोल होत होता. भिजलेल्या पापुद्र्याचा एनडीव्हीआय 0.3 पर्यंत जाऊ शकतो. कोरड्या मुलखात एवढ्या आकड्याला कुणीही विरळ गवत म्हणेल.

"म्हणजे उपग्रहाने बरोबरच सांगितलं होतं!" ती म्हणाली.

बरोबरच. माझं लहानपण राजापूरकडच्या जांभ्याच्या सड्यावर गेलं. तिथेही पहिल्या पावसात गवताआधी खडकावर हिरवट झाक येते, पण तिच्याकडे मीही कधी निरखून बघितलं नव्हतं.

या सीमेवर अशी गल्लत पूर्वीही झाली आहे. 1972 साली पहिला लँडसॅट उपग्रह गेला आणि त्याच्या चित्रांत सीमेची रेघ स्वच्छ उमटली: इजिप्तकडचं सिनाई उजळ, इस्राएलकडचं नेगेव गडद. 1974 मध्ये ऑटरमन या संशोधकांनी त्याचं कारण चराई असं मांडलं. सिनाईत झाडोरा खाल्ला गेल्याने जमीन उघडी पडली, असं त्यांचं म्हणणं. चराईचा मुद्दा खराच होता, पण टेकड्यांवर गडदपणा झाडांचा नव्हता. 1995 मध्ये कार्निएली आणि त्सोआर या संशोधकांनी याच वाळूवर वर्णपट मोजून दाखवलं, की गडद दिसतो तो हा पापुद्रा. सीमेपलीकडे सिनाईत तो खुरांखाली आणि पावलांखाली मोडत राहतो. तिथल्या बेदुईन पशुपालकांना मी यात दोष देणार नाही, शेळ्यामेंढ्यांवरच त्यांचं पोट आहे. पण अलीकडे, सीमेच्या कुंपणाच्या इस्राएलकडच्या बाजूला, गाडी रस्ता सोडून टेकडीवर घालणारे हौशी लोक दिसतात, तेव्हा माझा संताप होतो. त्यांना ती मोकळी वाळू वाटते.

पुढे कार्निएलींनी 1997 मध्ये पापुद्र्यासाठी वेगळा निर्देशांकच सुचवला. लाल आणि निळ्याची वजाबाकी, भागिले त्यांची बेरीज, आणि ते एकातून वजा. सायनोबॅक्टेरियात फायकोबिलिन रंगद्रव्यं असतात. त्यांच्यामुळे निळ्या भागातलं परावर्तन नुसत्या वाळूच्या तुलनेत जास्त राहतं, म्हणून पापुद्र्याचा आकडा मोठा येतो. एनडीव्हीआय इथे एकटा पुरत नाही.

दुपारी जेवताना आम्ही तिच्या प्रबंधाचं वेळापत्रक पुन्हा मांडलं. नित्सानात हिरवेपणा तीन पाळ्यांत येतो: हिवाळी पावसाच्या सुरुवातीला पापुद्रा, वसंतात वर्षायू रोपं, आणि उन्हाळ्यात बारमाही झुडपं. तिने डिसेंबर-जानेवारीची सगळी चित्रं 'वनस्पती'तून काढून वेगळ्या रकान्यात घेतली. प्रत्येक चित्राच्या आधी किती दिवसांवर पाऊस पडला, त्याचीही नोंद लावायची ठरली, कारण पापुद्रा वाळला की त्याचं हिरवेपण मावळतं. मग आम्ही जुन्याच पावलांवर पाय ठेवत पुढच्या टेकडीकडे निघालो. दोनच्या आत तिथलीही वाचनं घ्यायची होती.