नव्वदची गोळी

मी कमरेसाठी रोज रात्री जेवणानंतर एक गोळी घेतो, हे आमच्या नागपूरच्या गांधीबागेतल्या दुकानात सगळ्यांना माहीत आहे. आणि सगळ्यांकडे त्यावर सल्लाही आहे. सेठजी म्हणतात, इतकी पेनकिलर खाऊ नको, किडनी जाईल. शेजारच्या दुकानातले काका कुठल्याशा चूर्णाचा पत्ता देतात. गठ्ठे वाहणारा आमचा हमालभाऊ सांगतो, "सवय लागून जाते न बाप्पा त्याची." हाच माणूस संध्याकाळी घरी जाताना मेडिकल स्टोअरवाल्याकडून कागदाची पुडी बांधून घेतो आणि चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या तोंडात टाकतो. त्यात काय आहे, हे ना त्याला माहीत ना त्याने कधी विचारलं.

एकदा मी ती पुडी उघडून पाहिली होती. एक नारिंगी गोळी, एक अर्धी कापलेली पिवळी, एक कॅप्सूल आणि एक बारीकशी पांढरी. स्ट्रिप नाही, नाव नाही. ती बारीक पांढरी बहुधा स्टेरॉइड असते, असं मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. म्हणूनच "याच्या पुडीनं तासाभरात आराम पडते" अशी त्या दुकानाची ख्याती. चूर्णांचंही तेच. जडीबुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या कितीतरी पावडरींमध्ये तपासणीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडलेलं आहे. भीती मात्र माझ्या गोळीची, जिच्या पाकिटावर नाव, मात्रा, तारीख सगळं छापलेलं आहे.

तर आधी दुखण्याबद्दल. मी कापडाच्या होलसेल दुकानात सेल्समन आहे. दिवसभर गादीवर मांडी घालून बसायचं, थान काढायचं, झटकून उलगडायचं, गिऱ्हाईक उठून गेलं की परत घडी घालायची. त्यामुळे अठ्ठाविसाव्या वर्षी कंबर धरली तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही, मलाही नाही. पहिल्या डॉक्टरांनी एमआरआय बघून "मणक्यांत गॅप आली आहे" म्हटलं. नागपुरात कंबर दुखणाऱ्या प्रत्येकाला गॅप असते. पट्टा आला, वजन लावून कंबर ताणायचं ट्रॅक्शन आलं, खाली वाकू नका आलं, सक्तीचा आराम आला. आरामाने दुखणं वाढत गेलं.

तीच खरी खूण होती. पहाटे तीन-चारच्या सुमाराला कमरेच्या खाली, कुल्ल्यांच्या वरच्या भागात खोल कळ येऊन जाग यायची. कूस बदलायची तर आधी गुडघे पोटाशी घ्यायचे, मग पलंगाची कड धरायची, मग श्वास रोखून एकदाच वळायचं. सकाळी उठल्यावर बेसिनसमोर वाकता यायचं नाही, म्हणून मी दात घासून झाले की ताठ उभं राहून मग्ग्याने चूळ भरायचो. शिंक आली की भिंतीला हात. मोजे बायको चढवून द्यायची. आणि दुकानात जाऊन दोन-चार गिऱ्हाइकं झाली, पन्नासेक थानं उचलून झाली, की अकराच्या सुमारास मी चांगला भला माणूस! सेठजींना वाटायचं, पोरगा सकाळी उशिरा यायचे बहाणे करून राहिला. नस दबली असेल तर काम केल्यावर दुखणं वाढायला हवं. माझं कामाने उतरायचं आणि झोपेने चढायचं. हे मी प्रत्येक डॉक्टरला सांगितलं. लिहून कोणी घेतलं नाही.

लिहून घेतलं ते धंतोलीतल्या एका संधिवाततज्ज्ञ बाईंनी. त्यांनी मला उभं केलं, कमरेवर पेनाने दहा सेंटिमीटरच्या अंतराने दोन खुणा केल्या आणि वाका म्हणाल्या. वाकल्यावर पाठीची कातडी ताणली जाऊन ते अंतर निरोगी माणसात पंधराच्या आसपास जायला हवं. माझं साडेबारावर थांबलं. मग छातीभोवती टेप लावून पूर्ण श्वास घ्यायला लावला. आयुष्यभर टेप मीच लोकांच्या कापडाला लावत आलो, त्या दिवशी उलटं झालं. डोळा कधी लाल होऊन दुखला होता का, हे विचारलं. (झाला होता. त्याचा कमरेशी संबंध असेल हे स्वप्नातही आलं नव्हतं.) खर्रा (तंबाखू-सुपारीचा) खाता का, सिगरेट ओढता का, हे विचारलं. मी नाही म्हटलं तर त्यांनी माझे दात बघितले. नागपुरात बसलेला डॉक्टर खर्र्याच्या बाबतीत कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, आणि बरोबरच आहे.

नवा एमआरआय झाला, पण मणक्यांचा नाही, त्याच्या खालच्या सांध्यांचा. कणा जिथे ओटीपोटाच्या हाडांना मिळतो, ते दोन सांधे. दोन्हीत सूज. एचएलए-बी२७ ही रक्तातली जनुकाची चाचणी पॉझिटिव्ह. आजाराचं नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या कडांना सूज आणते आणि दुर्लक्ष झालं तर वर्षानुवर्षांत मणके एकमेकांना जुळत जातात. बी२७ असलेल्या बहुतेक लोकांना हा आजार होतच नाही, तेव्हा केवळ त्या रिपोर्टवरून कोणी घाबरू नये.

आणि मग बाईंनी ते सांगितलं, जे मला आजही घरीदारी समजावून सांगावं लागतं. बाकीच्यांसाठी ही सूज उतरवणारी औषधं म्हणजे चार दिवसांची सोय. तुमच्या आजारात ती पहिल्या पायरीची ट्रीटमेंट आहे. पूर्ण मात्रेत दोन ते चार आठवडे नियमाने घ्यायची, एकीने जमलं नाही तर दुसरी घ्यायची, आणि दोन्ही हरल्या तरच पुढची इंजेक्शनं. अधूनमधून, असह्य झालं की, दुखेल तेव्हा, असं घ्याल तर धड गोळीही कळणार नाही आणि धड आजारही.

पहिली होती इंडोमेथॅसिन, रात्रीची ७५ मिलिग्रॅमची, हळूहळू विरघळणारी. खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी सकाळी मी कूस बदलली आणि मला कळलंच नाही की मी ती बदलली. बाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, एक-दोन दिवसांत इतका फरक पडणं हीसुद्धा या आजाराची एक खूण आहे. पण डोकं असं जड व्हायचं की सेंट्रल एव्हेन्यू ओलांडताना रस्ता हलल्यासारखा वाटे. मग आली एटोरीकॉक्सिब, नव्वद मिलिग्रॅम. शरीरात दिवसभर टिकते, म्हणून एकदाच घ्यायची. ती मला मानवली. घरात तिचं नाव कोणाला घेता येत नाही, सगळे नव्वदची गोळी म्हणतात. जनऔषधी केंद्रात जेनेरिक मिळते, खिशाला जड नाही.

गोळी मानवली म्हणजे ती निरुपद्रवी आहे असं नाही. या सगळ्या औषधांचं काम एकाच जागी चालतं: शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, ती अडवायची. हे ब्रिटनच्या जॉन व्हेन यांनी १९७१ साली ॲस्पिरिनवर काम करताना दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. घोळ असा की हीच रसायनं सूज आणतात आणि हीच जठराचं अस्तर सांभाळतात, मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवतात. सूज अडवाल तर तेही थोडं अडतं. म्हणूनच गोळी दुधासोबत घेतली की पोट वाचलं, हे पूर्ण खरं नाही. ती रक्तात जाऊनही जठराला त्रास देऊ शकते. जेवणानंतर घेतो ते जळजळ कमी व्हावी म्हणून, विम्याची पॉलिसी म्हणून नाही. काळी शौच झाली तर त्याच दिवशी दवाखाना, हे कार्डावर लिहिलेलं आहे. सावजीचं झणझणीत जेवण मात्र बंद करावं लागलं नाही. मी हा प्रश्न अगदी पहिल्याच भेटीत विचारून घेतला होता.

एटोरीकॉक्सिब पोटाला जराशी सोपी, पण तिचा काच रक्तदाबाला आणि हृदयाला. तिचीच चुलत बहीण म्हणावी अशी रोफेकॉक्सिब २००४ साली हार्ट अटॅक आणि पक्षाघाताच्या धोक्यापायी जगभरातून मागे घेतली गेली. माझ्या साळ्याने कुठून तरी वाचून मोठ्या आवाजात सांगितलं, भाऊजी, तुमच्या गोळीला अमेरिकेत परवानगीच नाही! खरं आहे, तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २००७ मध्ये ती नाकारली. युरोपात ती चालते. मी बाईंना विचारलं तर त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, म्हणूनच दर वेळी आधी तुमचं बीपी बघते, मग प्रिस्क्रिप्शनला हात लावते. वरचा आकडा चढू लागला तर ही गोळी बंद. माझ्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, त्यांना त्या ही कधीच देणार नाहीत.

राहिला उन्हाळा. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे कितपत पटेल माहीत नाही, पण नागपुरात ही गोळी घेणाऱ्याला पंचांग पाळावं लागतं. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले. (२०२४ च्या मेअखेरीस एका केंद्रावर ५६ दिसले होते, ते यंत्र बिघडल्याचं निघालं, पण दुकानातले लोक अजून ५६ च सांगतात.) नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, दिवसभर घाम जातो, पाणी पिणं मागे पडतं. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड त्याच प्रोस्टाग्लँडिनच्या आधाराने आपला रक्तपुरवठा टिकवून धरतं, आणि तो आधार आपण गोळीने काढून घेतो. सेठजींची किडनीची भीती इथे शंभर टक्के खरी आहे. गिधाडं याच दारातून गेली. गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं बंद पडून ती पटापट मेली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं, तोवर आकाश रिकामं झालं होतं. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही. तरी बाईंचा नियम सोपा आहे: ऊन लागलं, उलट्या-जुलाब झाले, ताप चढला, तर गोळी बंद, आधी पाणी आणि ओआरएस, लघवी नीट होऊ लागली की मग गोळी. मूत्रपिंडाची रक्ततपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, उन्हाळ्याच्या आधी आणि नंतर. मार्च ते जून मी दुकानात स्वतःची बाटली वेगळी ठेवतो आणि दुपारी ती संपलेली आहे का ते बघतो. लग्नसराईत आम्हाला जेवायला फुरसत नसते, पण बाटलीला असते.

गेल्या वर्षापासून मात्रा नव्वदवरून साठवर आली आहे. ती केवळ गोळीच्या जोरावर आली असं मी म्हणणार नाही. पहाटे रेशीमबाग मैदानावर चालणं, पालथं झोपून पाठ उचलण्याचे व्यायाम, आणि गादीवरून उठून उभ्याने थान दाखवणं. सेठजींनी माझ्यासाठी काउंटर करून दिला, कुरकुरत का होईना. पण चालण्याइतकी कंबर मोकळी केली ती गोळीने. आधी चाला मग गोळीची गरज पडणार नाही, असं सांगणाऱ्यांना पहाटे चारला माझी कूस बदलून दाखवायला बोलवावं असं फार वाटतं.

सगळ्यात मोठी विरोधक आमची आई. "काहून रोज रोज गोळ्या खाऊन राहिला रे? किडनी जाते न त्यानं." आणि परवा माझ्या स्ट्रिपमधली एक गोळी कमी निघाली. विचारलं तर म्हणाली, गुडघा लय ठणकत होता, तुले आराम पडते तर म्या घेतली एक. आईची बीपीची गोळी टेल्मिसार्टनची, त्यातच लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं. त्या दोन्हींवर ही तिसरी म्हणजे मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी दाब, आणि तेही मे महिन्यात, कूलरमध्ये पाणी नसताना. मी तिला हे सगळं समजावून सांगितलं. दिवसातून दोनदा लावायला डायक्लोफिनॅकचं जेल आणून दिलं, त्यातलं रक्तात फार थोडं जातं. तिच्या डॉक्टरांना फोन करून क्रिएटिनिन लिहून घेतलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मंग तुले कशी चालते?"

मी म्हटलं, मला बीपी नाही.

"होईन न," म्हणाली, आणि जेलची ट्यूब उघडून वास घेऊन पाहिला. आता स्ट्रिप मी दुकानाच्या गल्ल्यात ठेवतो आणि रोज एकच गोळी खिशात घालून घरी आणतो.