ईस्टर म्हणजे पुनर्जन्म नाही

हॅपी ईस्टरचे मेसेज येतात तेव्हा एखादा मित्र हमखास विचारतो, ईस्टरला येशूचं पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यातून उठणं, साजरं करतात, ते म्हणजे आपला पुनर्जन्मच ना? नाही रे. पुनर्जन्मात देह बदलतो, इथे कबरच रिकामी आहे, जो येशू क्रूसावर मेला तोच आणि त्याच देहानं उठलाय. येशूने जिवंत केलेल्या लाजरसारखंही नाही हे. लाजर चार दिवसांनी कबरेतून बाहेर आला पण त्याला पुढे कधीतरी मरण होतंच, ख्रिस्त मात्र आता पुन्हा मरणार नाही, मरणाची त्याच्यावर सत्ताच उरली नाही असं प्रेषित पौल बायबलमधल्या पत्रात रोमकरांना, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती लोकांना, लिहितो.

मला यातलं सगळ्यात जवळचं काय वाटतं सांगू? बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणाऱ्या लूकच्या शुभवर्तमानात, उठलेला येशू समोर आल्यावर शिष्य घाबरतात, त्यांना वाटतं भूत आलंय, तर येशू विचारतो इथे खायला काही आहे का, आणि भाजलेल्या माशाचा तुकडा घेऊन त्यांच्यासमोर खातो!! आणि योहानाच्या शुभवर्तमानात, विश्वास न बसलेल्या थोमा या शिष्याला म्हणतो, बोट इकडे कर, माझे हात बघ. म्हणजे खिळ्यांच्या खुणा तशाच आहेत. ज्यानं मरण हरवलं त्याला त्या पुसता आल्या नसत्या का, पण ठेवल्या. कॅथलिक चर्चमध्ये पवित्र शनिवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्री, पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवर धूपाचे पाच दाणे खोचतात ना, ते हात, पाय आणि कुशीतल्या याच पाच जखमांचे.

माझी आई खूप हाल सोसून गेली. लोक समजूत घालायला म्हणायचे की आत्मा अमर असतो, चांगल्या मनाने म्हणायचे, पण मला नुसता आत्मा नकोय, मला तीच हवीय, चुलीचे चटके बसलेल्या हातांची. आणि क्रीडमध्ये, म्हणजे चर्चमध्ये म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, आम्ही नेमकं तेच म्हणतो, देहाच्या पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे. पौलाने करिंथकरांना लिहिलंय की बी पेरतो तसा देह पेरला जातो, नाशवंत पेरला जातो आणि अविनाशी उठतो. त्याच अध्यायात तो हेही स्पष्ट सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. एवढं सगळं एकाच गोष्टीवर उभं आहे, आणि माझाही त्यावर विश्वास आहे, पूर्ण.

आणि हो, ईस्टर एका रविवारी संपत नाही, पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंत, ५० दिवस चालतो, त्यामुळे शुभेच्छा द्यायच्या राहिल्या असतील तर तोपर्यंत देऊ शकता.