कायदा मला माहीत होता

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात अळसांदे निवडत उभा होतो, तर ओळखीच्या एका बाईंनी पुन्हा तेच विचारलं. "तुम्ही गोंयकार ना? मग तुमच्या सिनेमात मृत्युपत्राची एवढी मोठी चूक कशी राहिली?" मी म्हटलं, शूटिंगच्या गडबडीत राहिली. दोन वर्षं मी हेच उत्तर देतोय आणि ते खोटं आहे. कायदा मला माहीत होता.

सिनेमा तुम्ही पाहिला नसेल, तर गोष्ट एवढीच: डिचोलीत एका भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, खून होतो, कपाटात मृत्युपत्र सापडतं, सगळी मालमत्ता पुतण्याच्या नावावर, आणि खुनी तोच. भाटकाराची बायको आणि मुलगा दोघंही जिवंत. इथंच गोव्यातला प्रेक्षक चुळबुळायला लागतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेले आपले नियम घराघरांत ठाऊक आहेत. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर रुपयातले आठ आणे बायकोचे. उरलेल्या आठातले चार मुलांचे, ते बापालाही तोडता येत नाहीत. मृत्युपत्रानं द्यायला त्याच्या हाती राहतात चार आणे. शिवाय इथं मृत्युपत्र नोटरीसमोर, साक्षीदारांच्या देखत होतं, कपाटात दडवलेल्या चिठोऱ्यावर नाही.

बाकीच्या तक्रारी मला मान्य आहेत. खुनी मध्यंतराआधीच ओळखू येतो. पोलीस ठाणं म्हणजे शाळेचा वर्ग, हे भिंतीवरून कळतं. सोळा दिवसांत आणि तेवढ्या पैशांत याहून बरं झालं असतं की नाही, यावर मी भांडणार नाही. आवाजाचं काम मात्र माझं नव्हतं, तेवढं माझ्या माथी मारू नका.

मूळ पटकथेत मृत्युपत्र नव्हतंच. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा आमच्या भागात ट्रक रांगेनं उभे राहिले, टायरांवरून वेली चढल्या, बँकेचे हप्ते थांबले नाहीत. माझा खुनी ट्रकवाला होता, आणि प्रेत सापडायचं होतं खाणीच्या खंदकात साचलेल्या हिरव्या पाण्यात. त्या जागेची परवानगी शेवटपर्यंत आली नाही. बाराव्या दिवशी संध्याकाळी निर्माते लॉजवर आले आणि म्हणाले, "खाण विसरा. घरातल्या घरात संपेल असा शेवट सकाळी सातपर्यंत द्या."

जूनचा पहिला पाऊस होता, लाईट गेली होती. मेणबत्ती बशीत चिकटवून मी कॉलशीटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसलो. मृत्युपत्र सुचलं, कारण तेच सगळ्यात स्वस्त: एक कपाट, एक कागद, चार माणसं. पण हात अडला. मग मी एक वकील घातला. तो पुतण्याला सांगतो, "सोळा आण्यांसाठी केलंस, पण तुझ्या वाट्याला चारच आणे येणार होते." ती ओळ लिहिली तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. वाचून बघितली, बरी वाटली. आणि मग मीच ती खोडली. वकील म्हणजे आणखी एक नट, आणखी अर्धा दिवस. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला हे समजावत कोण बसणार, असं मनाशी म्हटलं. सकाळी सातला पान दिलं. खोडलेली ओळ निर्मात्यांनी विचारली नाही, मीही तिचा विषय काढला नाही. इतके दिवस मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. ते बरोबर नव्हतं.

गावात खेळ लावला तेव्हा आई शेजारी होती. पडद्यावर कपाट उघडलं, कागद निघाला, आणि मागच्या रांगेतून एका म्हातारीनं मोठ्यानं विचारलं, "आनी बायलेचो वांटो खंय गेलो?" अख्खा हॉल हसला. रहस्य उलगडण्याचा तो क्षण होता. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. पर्स उघडून रुमाल काढला, तसाच परत ठेवला आणि चेन लावली.

आता कधी वाटतं, तोच खरा सिनेमा होता. बाहेर वाढलेला, इथला कायदा ठाऊक नसलेला पुतण्या चार आण्यांसाठी माणूस मारतो. अर्ध्या दिवसाच्या पैशांत ते झालं असतं. मग कधी वाटतं, आज घरी बसून हे सुचणं सोपं आहे. त्या रात्री माझ्याकडे साडेचार तास होते, आणि तो वकील पंधरा मिनिटांचं भाषण ठोकून गेला असता तर तुम्ही त्यालाही कंटाळला असतात. दोन्ही खरं वाटतं.

गावातल्या खेळाच्या रात्री घरी आल्यावर आईनं पेज वाढली. आम्ही लिहितो मराठीत, पण घरात कोकणीच. बाबा गेल्यावर वाटणीच्या कागदांसाठी तिला कचेरीत मीच नेत असे, दर वेळी पेनाचं टोपण मीच काढून देत असे. ती ताटाकडे बघत म्हणाली, "बापायच्या वेळार कितल्यो सयो केल्यो हांवें. तूंच म्हाका व्हरतालो न्हय?"

मी हो म्हटलं.