एकटीचा उंचावरचा ट्रेक: सोळावा आठवडा, सॅक ९.४ किलो

सॅक आज ९.४ किलोवर आली. नवव्या आठवड्यात हीच सॅक १३.१ भरली होती आणि तेव्हा ती मला अगदी आटोपशीर वाटत होती. दोन लिटर पाणी धरलं तर आता ११.४. माझं वजन ५७, म्हणजे बरोबर वीस टक्के. ओझं वाटून घ्यायला कुणी नाही, तेव्हा याच्या वर जायचं नाही असं पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं होतं.

ट्रेकला चार आठवडे उरलेत. बारा दिवसांची चाल, मुक्काम लॉजमध्ये (तंबू नाही, हे आधीच कबूल करते), सगळ्यात उंच मुक्काम ४,७०० मीटरवर आणि सगळ्यात उंच खिंड ५,३०० मीटर.

सुरुवातीचे पाच-सहा आठवडे मी तयारी म्हणजे दम आणि पाय एवढंच धरून चालले होते. मग एका संध्याकाळी सहज यादी केली, की आजवर जोडीने ट्रेक केले तेव्हा सोबतची मैत्रीण नक्की काय काय करायची. सामान अर्धं तिच्या पाठीवर. मी लघवीला बसले की पोंचो धरून आडोसा तिचा. रात्री खुडबुड झाली की ‘वारा आहे गं, झोप’ म्हणणारी तीच. ‘तू धड चालत नाहीयेस, बस जरा’ हेही तिनेच सांगायचं. आणि ‘परत फिरू या’ हे शब्द दर वेळी तिच्या तोंडून आलेत, माझ्या एकदाही नाही. ती यादी बघून पोटात जरा गोळाच आला. एकटीने जायचं तर ही सगळी कामं कुणाला तरी नेमून द्यायला हवीत. माणूस नसेल तर कागदाला, घड्याळाला, सवयीला. तेव्हापासून तयारी त्या यादीवरून चाललीय.

आधी पाय. आमच्या इमारतीचे चौदा मजले, एका फेरीत साधारण ४२ मीटर चढ. पहिल्या आठवड्यात रिकाम्या सॅकने सहा फेऱ्या मारून धापा टाकत बसले होते. काल दहा किलो घेऊन वीस फेऱ्या, म्हणजे ८४० मीटर, २ तास ३५ मिनिटांत. वेग ठरवायला मी पाढे म्हणते. पाढा मोठ्याने, न अडखळता म्हणता आला पाहिजे. श्वासासाठी मध्येच तोडावा लागला की वेग जास्त आहे. (सतराचा पाढा मला बसल्या जागीही येत नाही, तो मोजत नाही.)

यात केलेली चूक सांगते, कारण ती सगळेच करतात. वेळ वाचवायला मी खाली लिफ्टने यायचे. आठव्या आठवड्यात सरावाच्या डोंगरावर चढ मजेत झाला आणि ११०० मीटर उतरताना दोन्ही गुडघ्यांनी हात टेकले. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो, आणि ती ताकद चढून येत नाही, उतरूनच येते. आता प्रत्येक फेरी पायऱ्यांनीच उतरते. शिवाय आठवड्यातून तीनदा एका पायरीवर उभी राहून, तीन सेकंद मोजत दुसऱ्या पायाची टाच खाली टेकवते. बारा-बाराचे तीन संच, आरशासमोर. आरसा अशासाठी, की भार आला की गुडघा आत झुकतो आणि आपल्याला ते कळत नाही. बायकांत ही खोड जास्त दिसते. चालताना टेकायचे दोन पोल आता सक्तीचे.

पाय तयार झाले म्हणून उंची माफ होत नाही, हे मात्र स्वतःला रोज बजावावं लागतं. ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. ऑक्सिजनचं प्रमाण तेच, २१ टक्क्यांच्या आसपास, पण प्रत्येक श्वासात येणारा ऑक्सिजन निम्मा. त्याची सवय शरीराला दिवसांनीच होते. उलट तब्येतीने ठणठणीत असलेली माणसं भरभर चढतात आणि डोकं धरून बसतात. म्हणून माझ्या आराखड्यात ३,००० मीटरच्या वर एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढ कुठेही नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर. आधी दहा दिवसांत बसवलेला ट्रेक यामुळे बारावर गेला.

रक्ततपासणी तिसऱ्या आठवड्यात केली ते बरं झालं. हिमोग्लोबिन १२.६, बघून मी खूश. डॉक्टरांनी फेरिटिनही करायला लावलं होतं, ते निघालं १४. हिमोग्लोबिन म्हणजे हातातले पैसे, फेरिटिन म्हणजे साठवण. उंचीवर शरीर नव्या तांबड्या पेशी करायला घेतं तेव्हा लोह लागतं ते या साठवणीतून. पाळीमुळे आपल्यापैकी कितीतरी जणींची ती तळाला गेलेली असते आणि थकवा आपण कामाच्या खात्यावर टाकतो. गोळ्या सुरू केल्या, तेराव्या आठवड्यात ४१. भरून यायला महिने लागतात, म्हणून निघायच्या पंधरा दिवस आधी तपासून उपयोग नाही. आणि तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊ नका; जास्त लोहही बाधतं.

पाळीबद्दल जरा सविस्तर. तारखा धरल्या तर माझी पाळी नेमकी खिंडीच्या आधल्या दिवशी येते. उंची, थंडी, कष्ट, कमी खाणं यांनी तारीख पुढे-मागे होते, तेव्हा ‘त्या आठवड्यात नाही’ या भरवशावर कुणी राहू नये. पुढे ढकलायच्या गोळ्यांचा विचार केला आणि सोडला. ज्यांना घ्यायच्या आहेत त्यांनी डॉक्टरांना ट्रेकची उंची आणि दिवस सांगूनच घ्याव्यात. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगायचं. त्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो आणि उंचीवर शरीर कोरडं पडलं, वादळात दोन दिवस एका जागी अडकून पडलं तर त्यात भर पडते. घरात कुणाला गुठळीचा त्रास झाला असेल तर नक्कीच.

मी पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) घेतला. तीन पाळ्या सराव केला, आणि तिसऱ्या वेळी मुद्दाम दिवा बंद करून, हेडलॅम्प लावून, बोटं बर्फाच्या पाण्यात बुडवून बधिर करून, एकच मग पाणी घेऊन. पहिला प्रयत्न सांगण्यासारखा नाही. पण बारा तासांपर्यंत चालतो, म्हणजे सकाळ-संध्याकाळ मुक्कामावर काम भागतं, वाटेत काही करावं लागत नाही. हात साबणाने धुता आले नाहीत तर कपाला हात लावायचा नाही, म्हणून चार पॅडही बरोबर आहेत. वापरलेलं पॅड खालीच आणायचं, काळ्या जाड पिशवीत, आत थोडी कॉफीची पूड टाकून वास दाबायचा. तिकडच्या थंडीत पुरलेलं काहीही कुजत नाही.

लघवीसाठी उभ्याने वापरायचं फनेल. पहिले दोन दिवस मोजे ओले झाले, तिसऱ्या दिवशी जमलं. मग थर्मल, ट्राउझर आणि सॅक असा सगळा जामानिमा चढवून सराव केला, कारण खरी अडचण कपड्यांचीच असते. रात्रीसाठी एक रुंद तोंडाची बाटली, तिच्या गळ्याला जाड रबर बँड. अंधारात हाताला कळलं पाहिजे की ही पाण्याची नाही! हा सगळा खटाटोप एवढ्यासाठी, की आडोसा नाही म्हणून पाणी कमी पिणं ही आपली जुनी सवय आहे, आणि उंचीवर तिची किंमत मूत्रमार्गाच्या संसर्गाने किंवा डोकेदुखीने मोजावी लागते. मग ती डोकेदुखी पाण्याची की उंचीची, हे एकटीने ओळखत बसायचं.

स्लीपिंग बॅगच्या बाबतीत मी फसणार होते. पाकिटावर ठळक अक्षरांत उणे १०. ते ‘लिमिट’ होतं. युरोपीय पद्धतीच्या चाचणीत ‘कम्फर्ट’चा आकडा सरासरी बाईसाठी आणि ‘लिमिट’चा आकडा सरासरी पुरुषासाठी काढलेला असतो. त्या बॅगचा कम्फर्ट होता उणे ४. आपण बघायचा तो फक्त कम्फर्ट. शेवटी कम्फर्ट उणे ९ असलेली बॅग एका मैत्रिणीकडून उसनी मिळाली, त्यामुळे सॅकच्या वजनात ३०० ग्रॅमची भर, पण त्यावर वाद नाही. सॅकसुद्धा पाठीची लांबी मोजून घ्या: मानेच्या खालच्या टोकाला हाताला लागणारा मणका ते कमरेच्या हाडांची वरची कड. उंचीवरून घेतलेली माझी पहिली सॅक कमरेवर बसतच नव्हती, सगळा भार खांद्यांवर.

साहित्यावर हळहळायला लागले की जुंको ताबेई आठवते. १६ मे १९७५ ला एव्हरेस्टवर पोचलेली ही पहिली बाई. पैसे जमेनात म्हणून त्यांच्या तुकडीने गाडीच्या सीटच्या आवरणांतून जलरोधक पिशव्या आणि वरचे हातमोजे शिवले होते. शिखराच्या बारा दिवस आधी हिमलोटाखाली गाडली गेली होती, ते वेगळंच. माझ्याकडे तीन जोड हातमोजे आहेत आणि मी चौथ्याचा विचार करत होते.

आता यादीतलं सगळ्यात अवघड काम: ‘तू धड चालत नाहीयेस’ हे कोण सांगणार? उंचीचा त्रास मेंदूपर्यंत गेला की निर्णय घेणारं यंत्रच बिघडतं. तेव्हा निर्णय इथे, खाली बसून, लिहून ठेवलाय. खिशात प्लॅस्टिकमध्ये घातलेलं कार्ड आहे. सकाळ-संध्याकाळ चार गोष्टींना शून्य ते तीन गुण द्यायचे: डोकेदुखी, मळमळ किंवा भूक मरणं, थकवा, चक्कर. डोकं दुखतंय आणि बेरीज तीन किंवा जास्त, तर त्या दिवशी वर जायचं नाही. वाढत गेलं तर खाली. मग फळीच्या कडेने किंवा जमिनीवरच्या रेघेवर टाचेला अंगठा लावत दहा पावलं. तोल गेला तर खाली, तेही लगेच आणि कुणाला तरी बरोबर घेऊन. बसल्या जागी धाप लागली, ओला खोकला आला, तरी तेच, रात्रीचे दोन वाजले असले तरी. कार्डावर ‘मला बरं वाटतंय’ असा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर नेतेय, पण निकाल कार्डाचाच. गार बोटं आणि नेलपॉलिश त्याला सहज फसवतात.

उंचीचा त्रास टाळायची गोळी, डायमॉक्स, डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी दोन दिवस घेऊन पाहिली, १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. बोटांना मुंग्या आल्या, सोडा बेचव लागला, रात्री तीनदा उठले. हे आधी माहीत असलं की वर घाबरायला होत नाही. सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांनी आधी विचारावं.

परत फिरणं घड्याळाकडे दिलंय. अंदाजाला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा जुना हिशोब अजून चालतो: ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक. माझ्या सरावाच्या सहा नोंदी काढल्या तर सॅकसह मला त्याच्या १.३ पट वेळ लागतो. ४,००० च्या वर दुप्पट धरलाय. खिंडीच्या दिवशी सकाळी ११ ला मी माथ्यावर नसेन तर जिथे असेन तिथून मागे. कार्डाच्या मागच्या बाजूला हे मोठ्या अक्षरांत आहे.

आणि घरी एक माणूस: धाकटी बहीण. तिच्याकडे दिवसवार कागद आहे, कुठे मुक्काम, कधीपर्यंत निरोप, नाही आला तर कधी कुणाला फोन. बाराव्या आठवड्यात याची रंगीत तालीम झाली. निरोप संध्याकाळी सहाला ठरला होता, रेंज मिळाली पावणेसातला, आणि फोन हातात घेतला तर अकरा मिस्ड कॉल. ‘ताई, मी बचाव पथकाचा नंबर शोधत होते!’ चूक तिची नव्हती, माझी; सहाची वेळ मी फारच हौसेने दिली होती. आता निरोप रात्री नऊपर्यंत, आणि शोधाची हालचाल दुसऱ्या दिवशी दुपारी बारानंतर. मधल्या वेळात तिने काय करायचं हेही लिहिलंय, नुसतं ‘काळजी करू नको’ असं नाही. सॅटेलाइटवरून निरोप देणारं यंत्र भारतासह काही देशांत विनापरवाना बाळगता येत नाही, तेव्हा घेण्याआधी तिथला नियम बघा. शिट्टीचा संकेत मात्र कुठेही चालतो: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा.

माणसांच्या बाबतीत माझा नियम सोपा. लॉजवाल्यांना आणि वाटेतल्या चौकीवर नाव, पुढचा मुक्काम, पोचायची वेळ, सगळं खरं सांगायचं. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाने ‘एकट्याच का?’ विचारलं तर ‘बाकीचे मागून येतायत’. खोटं बोलायला मला जड जातं, म्हणून हे वाक्यही मोठ्याने म्हणून पाहिलंय. फोटो दोन दिवस उशिरा टाकायचे. मन कचरलं तर लॉज बदलायचा, कारण शोधत बसायचं नाही.

उरलेलं: उजव्या अंगठ्याचं नख उतारावर बुटाला लागतंय, बूट पुढून घट्ट बांधायची पद्धत बदलून पाहतेय. रात्रीच्या चालीचा सराव एकदाच झालाय आणि त्यात मी एका दगडाला माणूस समजून पाच मिनिटं उभी होते. पुढच्या शनिवार-रविवारी दोन रात्री बाहेर, पूर्ण सॅकसह, कार्ड दोन्ही वेळा भरून. चौथा हातमोज्यांचा जोड घेतला नाही. तिसराही काढला तर ९.३.