दहाचा पारा

सकाळी दहाला बॅरोमीटरमधला पारा चढलेला असतो. किनाऱ्यावरच्या वेधशाळेत निरीक्षक म्हणून वर्षं काढली की हे अंगात मुरतं. हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो; दहाच्या सुमाराला वर, चारच्या सुमाराला खाली. ३ जून २०२० ला पहाटे उतरायला लागलेला पारा दहालाही उतरतच होता.

'निसर्ग' चक्रीवादळ येणार हे ठाऊक होतं (नाव बांगलादेशाने सुचवलेलं). आपल्याकडे वादळात विमान घालून मोजत नाहीत. उपग्रहाच्या चित्रात ढगांची गुंडाळी कशी झालीय त्यावरून वाऱ्याचा अंदाज बांधतात. मुंबई-गोव्याची रडारंही होती. तरी तासातासाला फोन यायचाच, "दाब किती? वारा कुठला?" जमिनीवरचा दाब शेवटी आम्हीच वाचायचा.

बॅरोमीटरला जोडलेला तापमापक आधी वाचायचा, कारण आपल्या अंगाच्या उबेनेही तो हलतो. मग नळीला बोटाने हलकी टिचकी, आणि व्हर्नियरची, म्हणजे बारीक मापाच्या सरकत्या पट्टीची, कड पाऱ्याच्या घुमटाला टेकवायची. त्या दिवशी घुमट स्थिरच राहीना. प्रत्येक झोताबरोबर खाली-वर. तीनदा वाचून मधला आकडा धरला.

साडेअकराची नोंद लिहिली आणि वीज गेली, पाठोपाठ मोबाइलची रेंज. आता वादळ कुठे पोचलं हे सांगणारं कोणी नाही. मग जुनी युक्ती. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, कमी दाब, म्हणजे वादळाचं केंद्र, डाव्या हाताला. दाराच्या आडोशाने तेच केलं. सकाळचा पूर्वेचा वारा आग्नेयेचा झाला होता, म्हणजे डावा हात थेट समुद्राकडे. पुढे वारा दक्षिणेचा, मग नैर्ऋत्येचा झाला आणि हात वायव्येला, श्रीवर्धनच्या अंगाला वळला. केंद्र आम्हाला बगल देऊन वर सरकलं होतं. आत जाऊन पाहिलं, तर पारा चढायला लागला होता.

वादळाने दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला, ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यानिशी. हे मला फार उशिरा कळलं. मुंबई वाटेच्या डाव्या, दुबळ्या अंगाला राहिली.

रेंज आल्यावर पहिला फोन मुंबईच्याच मावसभावाचा. "काय रे, तुमचं वादळ आलंच नाही की!"

मी तेव्हा शेजारच्या काकांच्या बागेत आडव्या पोफळी मोजायला मदत करत होतो. पंचनाम्यासाठी आकडा हवा होता.