आरतीआधीचे टाळ

“गळ्यात माळ आहे, एकादशी कधी चुकत नाही, मग ऊसतोड टोळ्यांच्या हिशेबात तुम्ही कशाला बसता?” हा प्रश्न मला कारखान्याच्या काट्यापाशी विचारला जातो, तसाच कीर्तन संपल्यावर मंडपातही विचारला जातो. विचारणाऱ्यांच्या मनात रागापेक्षा काळजीच अधिक असते. देवाच्या वाटेवरचा माणूस असल्या व्यवहारात उतरला की विटाळतो, असे त्यांना वाटते. मी फलटण तालुक्यातला शेतकरी आहे आणि माझा स्वतःचा तीन एकर ऊस आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांच्या कोयत्यावर माझे घर चालते.

माउलींची पालखी मुक्कामाच्या तळावर पोचली की समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात. चोपदार चोप, म्हणजे हातातली मानाची काठी, उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ थांबत नाहीत. ती वाजवत राहते, चोपदाराला तिच्यापर्यंत जावे लागते, गाऱ्हाणे ऐकून घ्यावे लागते, आणि मगच आरती होते. लहानपणी मला याची नुसती गंमत वाटे. आता वाटते की सत्ता कशी वापरावी, हे आमच्या संप्रदायाने कोणत्याही प्रवचनापेक्षा या रिवाजात अधिक स्पष्ट सांगून ठेवले आहे: ज्याच्या हाती चोप आहे तो सगळ्यांना शांत करू शकतो, पण ज्याला काही सांगायचे आहे त्याला नाही.

आषाढात जिथे दिंड्यांच्या राहुट्या पडतात, त्या आमच्या गावाबाहेरच्या माळावर दसरा-दिवाळीनंतर कोप्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्या, उभ्या राहतात. बीड, पाथर्डी, जालना, परभणी अशा भागांतून माणसे बैल, भांडी, लेकरे आणि म्हाताऱ्यांसह येतात आणि गाळप संपेपर्यंत राहतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या गळ्यात माळ असते. भगवानबाबांचा तसबिरीतला फोटो कोपीच्या कुडाला हमखास दिसतो. आषाढात त्या माळावरच्या अनोळखी माणसाच्या पाया पडून आम्ही त्याला ‘माउली’ म्हणतो, कार्तिकात त्याच माळावरच्या माणसाला ‘टोळीवाला’ म्हणतो. मीही म्हणत असे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुकादम, म्हणजे टोळी जमवून आणणारा ठेकेदार, हंगामाआधी उचल (आगाऊ रक्कम) देतो, ती एका कोयत्यामागे. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा माणूस हा अर्धाच कोयता. उचल घेतो नवरा, वहीत नाव त्याचे, आणि ती फिटते दोघांच्या अंगावर. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या, आणि एक दिवस पडून राहिले तर खाडा, म्हणजे मजुरी तर नाहीच, वर दंड. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. खाड्याची भीती आणि शरीर यांचा असा हिशेब कुठल्याच वहीत मांडलेला नसतो. हंगाम संपला तरी उचल बाकी राहिली, तर ती पुढल्या वर्षावर जाते आणि माणूसही तिच्यामागोमाग जातो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली, आणि अशा कर्जाची फेडही त्याच कायद्याने रद्द केली. पण तो कायदा फडापर्यंत पोचायला कुणीतरी टाळ वाजवत राहावे लागते. (मुकादम सगळे खलनायक असतात, असेही नाही. दोन मुकादमांकडून उचल घेऊन निघून गेलेल्या टोळीपायी जमीन विकलेला मुकादम मी पाहिला आहे.)

मुक्तीविषयी आम्ही फार बोलतो, म्हणून मला तुकोबांची गोष्ट आठवते. घरात सावकारी होती. दुष्काळाने घर आणि मन दोन्ही रिकामे केल्यावर त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याच्या वाटणीची कर्जाची खतपत्रे दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. पुढे इंद्रायणीत बुडालेल्या गाथेची कथा आम्ही रंगवून सांगतो, पण हे आधीचे बुडवणे एका वाक्यात उरकतो. मला मात्र तेच मोठे वाटते. ऋणकोने काही मागितले नव्हते. ज्याच्या हाती कागद होता त्याने हात मोकळा केला, आणि दोघेही सुटले. भावाचा वाटा त्यांनी बुडवला नाही, हेही मला महत्त्वाचे वाटते. दुसऱ्याच्या वतीने त्याग करण्याचा मोह त्यांना झाला नाही.

काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एकादशीला आम्ही पाचसहा जण कोप्यांवर भजनाला गेलो होतो. भगर आणि शेंगदाण्याची आमटी नेली होती, आणि आपण फार मोठे काही करतो आहोत असा भाव चेहऱ्यावर होता. भजन छान झाले. निघताना टोळीतले एक म्हातारे बाबा हळूच म्हणाले, “बुवा, भजनाला आलात, तसे हिशेबालाही या. काही बोलू नका, नुसते बसा.” मी हो म्हणालो आणि गेलो नाही. माझा ऊस अजून उभा होता, मुकादमाशी वाकडे घेतले असते तर तो वाळला असता. पुढच्या हंगामात टोळी आली, बाबा आले नव्हते. का आले नाहीत, हे विचारण्याचे मला धाडस झाले नाही.

त्या वर्षीपासून मी बसतो. मुकादमाला मी एवढेच म्हणालो होतो की वही मोठ्याने वाचा, आणि बायांनाही बोलवा, कारण कोयता दोघांचा आहे. त्याला ते आवडले नाही, पण माझ्या माळेकडे पाहून तो वाचू लागला. सातव्या की आठव्या नावावर, कोपीच्या दाराशी लेकरू मांडीवर घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, “चार न्हाई, दोनच खाडे हायेत माजे. त्या दोन दिवशी तुमचीच गाडी पंचर हुती.” मुकादम वाचायचा थांबला. कुणी काही बोलले नाही. मग त्याने मागचे पान उलटले.