अंगणातला चौकोन

"एवढं मोकळं अंगण, मागे पोफळींचं कुळागर, आणि तुम्ही वाचता काय, तर गर्दीत गुदमरलेल्या शहरांच्या गोष्टी! त्यात आनंद कसला?" गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या आमच्या घरी येणारं कुणी ना कुणी हे विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

इंग्रज लेखक जे. जी. बॅलर्डच्या १९६१ सालच्या 'बिलेनियम' या कथेने मला हे वेड लावलं. त्यातल्या शहरात कायद्याने माणशी चार चौरस मीटर जागा मिळते, आणि तीही साडेतीनवर आणणार अशी कुजबुज असते. वाचून झाल्यावर मला राहवेना. खडू घेतला आणि तुळशीसमोर दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद चौकोन आखला. त्यात चटई अंथरली, उशाशी पुस्तकं, पायाशी कपड्यांची पेटी. खुर्चीही कशीबशी मावली, पण मग वळायला जागा उरली नाही. संध्याकाळ होईपर्यंत मी तिथेच बसून होतो.

कथेतल्या दोन मित्रांना भिंतीआड विसरलेली एक रिकामी खोली सापडते. हरखून जातात बिचारे. मग दोन मैत्रिणींना बोलावतात, मग त्यांची घरची माणसं येतात. शेवटी तिथलं देखणं जुनं कपाटसुद्धा जागेसाठी मोडावं लागतं. यात कुणीही दुष्ट नाही, सगळं मायेपोटी घडतं. मला ही कथा म्हणूनच फार जवळची वाटते.

अमेरिकन लेखक हॅरी हॅरिसनने १९६६ मध्ये 'मेक रूम! मेक रूम!' ही कादंबरी लिहिली आणि १९९९ च्या न्यूयॉर्कमध्ये साडेतीन कोटी माणसं कोंबली. प्रत्यक्षात २००० च्या जनगणनेत ती ८० लाख भरली. आपल्या गोव्यात तर जननदर, म्हणजे बाईमागे मुलांची सरासरी, १.३ वर आलाय, आमच्याच वाड्यावर कुलूप लागलेली घरं मोजून घ्या. आकडा चुकला, खरं आहे. पण पाणी रेशनवर आलं की शेजारी शेजाऱ्याकडे कसं बघू लागतो, ते त्याने अचूक पकडलंय.

एक मात्र मला अजिबात पटत नाही: माणूस म्हणजे ओझं, हा या गोष्टींतून डोकावणारा सूर. आणीबाणीत, १९७६-७७ या एकाच वर्षात, आपल्या देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, कितीतरी बळजबरीने. गर्दीची भीती दाखवून सत्ता काय काय करू शकते, ते आपल्याकडे घडून गेलंय. त्यामुळे यातला जुलूम मला परका वाटत नाही, आणि मी तो फार लक्ष देऊन वाचतो.

आणि आनंदाचं म्हणाल, तर हॅरिसनच्या कादंबरीवर १९७३ साली 'सॉयलेंट ग्रीन' हा चित्रपट निघाला. त्यात म्हातारा सॉल कित्येक वर्षांनी खरं अन्न बघतो आणि त्याला रडू कोसळतं. मग ती ताजी पानं, ते सफरचंद तो आणि त्याच्यासोबत राहणारा पोलीस किती सावकाश खातात! तो प्रसंग पाहिल्यापासून चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधताना चिबूड हातात आला की मी तो लगेच टांगत नाही. आधी नाकाशी धरतो.